मासळीच्या खोक्यातले सदतीस अंश

पाटणा,
जेठ महिना, सोमवार

परमपूज्य फूफाजींच्या पायांवर पुतुलचं डोकं (गुडघ्याला धक्का न लावता).

तुमचा डावा गुडघा, फुआचा दमा, दारची म्हैस आणि मागची अठरा लिचीची झाडं यांची खुशाली मी याच क्रमाने विचारते आहे. मागच्या पत्रात म्हैस गुडघ्याच्या आधी आली होती आणि त्यामुळे तुम्ही पंधरा दिवस पत्राला हात लावला नाही, असं फुआने फोनवर सांगितलं. भैयाच्या लग्नात रोहू माशाचं डोकं तुमच्या पानात न पडता नवरीच्या काकांच्या पानात पडलं, त्याबद्दल पप्पा म्हणतात आचाऱ्याची चूक, आचारी म्हणतो वाढप्याची, आणि वाढपी म्हणतो की त्याला पप्पांनीच बोट दाखवलं होतं. तुम्ही पंगतीतून उठून स्टेशनवर जाऊन बसलात आणि दोन तास पॅसेंजरची वाट पाहिलीत, हे सगळ्या घराला लागून राहिलं आहे. पप्पांच्या बहिणीचा नवरा आणि घरातला थोरला जावई म्हणून ते डोकं तुमचंच होतं. माझ्याकडून क्षमायाचना. हे पत्र मात्र निव्वळ खुशालीचं आहे. यात काहीही मागितलेलं नाही.

त्याच लग्नात कोणीतरी तुम्हाला सांगितलं म्हणे, की पुतुल सरकारी पगारावर बाटल्यांत किडे पाळते. हे पूर्ण खोटं नाही, पण अर्धवट आहे. किडे मी पाळते ते खऱ्या कामाच्या तयारीला. खरं काम आहे पेशींचं. आपल्या रक्तात भक्षक पेशी असतात. बाहेरून कोणी शिरलं की त्याला गिळायचं आणि पचवायचं, हा त्यांचा धंदा. कालाजारचा परजीवी वाळूमाशीच्या डंखातून अंगात शिरतो आणि सरळ या पेशींच्याच पोटात जाऊन राहतो. चोराने पोलीस ठाण्यात खोली भाड्याने घ्यावी आणि हवालदाराने त्याला चहा पोचवावा, तसा प्रकार. आम्ही माणसाच्या रक्तातून या पेशी वेगळ्या काढतो, प्लास्टिकच्या तबकडीत लाल पोषक द्रवात वाढवतो, त्यांना परजीवी खाऊ घालतो आणि बघत बसतो की हवालदार जागा होतो की नाही. (त्या लाल द्रवात वासराच्या रक्तातलं पाणी घालावं लागतं. हे फुआला वाचून दाखवू नये. ती मला स्वयंपाकघरात घेणार नाही.)

या पेशींना सदतीस अंश तापमान लागतं, म्हणजे आपल्या अंगाइतकं, आणि हवेत ठरावीक कार्बन डायऑक्साइड लागतो. हे दोन्ही सांभाळणारं एक कपाट असतं, त्याला इन्क्युबेटर म्हणतात. त्याच्या पाठीशी गॅसचा एक उंच सिलिंडर उभा असतो आणि सिलिंडरवर घड्याळासारखा काटा. तो काटा रोज सकाळी पाहून वहीत सही करायची, एवढंच काम. फूफाजी, तुम्ही एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होतात. शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुम्ही कधी हिरवा झेंडा दाखवला नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढचं तुम्हालाच लिहिते आहे. पप्पांना अजून सांगितलेलं नाही.

वैशाली जिल्ह्यातली रमवती देवी नावाची एक बाई आमच्या वॉर्डात आहे. वय सव्वीस. नवरा लुधियानाला स्वेटरच्या कारखान्यात. तिला कालाजार तिसऱ्यांदा झाला. दोनदा पूर्ण औषध घेतलं, दोनदा बरी होऊन घरी गेली, आणि दोन्ही वेळा सहा-सात महिन्यांत ताप परत आला. या वेळी आली तेव्हा पानथरी (म्हणजे प्लीहा) बरगडीखाली आठ बोटं उतरलेली आणि अंगात रक्त इतकं कमी की पापणी उलटली तर आतून कागद दिसावा. आमचे मुख्य, डॉक्टर अख़लाक़ इमाम, फार कमी बोलतात. ते म्हणाले, यात दोनच गोष्टी असू शकतात. एक तर हिच्या अंगातला परजीवी औषधाला पुरून उरलाय, किंवा औषध आपलं काम करतंय आणि हिच्या पेशीच झोपल्या आहेत. पहिलं असेल तर औषध बदलायचं. दुसरं असेल तर कुठलंही एकटं औषध देऊन उपयोग नाही, दोन औषधं मिळून द्यायची आणि तिच्यावर नजर ठेवायची. पण दोन औषधांचा भार त्या अंगाला पेलेल का, याचीच भीती. उगाच द्यायचं धाडस कोणी करणार नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तर आठ तबकड्या लावल्या. चार रमवतीच्या पेशींच्या, चार निरोगी माणसाच्या (म्हणजे माझ्याच, संस्थेत निरोगी म्हणता येईल असं दुसरं कोणी कागदावर सही करायला तयार नव्हतं). आधी आठवडाभर पेशी वाढवल्या. मग सगळ्यांना रमवतीच्याच हाडाच्या मगजातून काढून वाढवलेला परजीवी दिला. निम्म्या तबकड्यांत औषध घातलं, निम्म्या कोऱ्या ठेवल्या. पाच दिवस थांबायचं आणि सहाव्या दिवशी रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, शंभरातल्या किती पेशींच्या पोटात अजून चोर आहे. एवढंच सोपं. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची होती: रमवतीच्या अंगात दुसऱ्यांदा काढण्याइतकं रक्त नव्हतं. तबकड्या एकदाच लागणार होत्या.

तिची सासू जगेसरी रोज दहा वाजता माझ्या दाराशी येऊन उंबऱ्याबाहेर बसायची. काळी, किरकोळ, कपाळभर गोंदलेली बाई. आत येऊ द्यायचा नियम नाही, आणि ती कधी आत आलीही नाही. रोज एकच प्रश्न विचारायची, की माझ्या सुनेच्या पेशी जेवल्या का. मी म्हणायची, जेवल्या. मग ती उठून वॉर्डात जायची आणि रमवतीला सांगायची, तुझ्या पेशीसुद्धा जेवतात, तूच तेवढी ताट ढकलतेस.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, मी काट्याच्या वहीत सही केली. काटा पाहिला नाही. का नाही पाहिला याला सबबसुद्धा नाही. फोनवर अम्माशी बोलत होते, ती सांगत होती की मुझफ्फरपूरच्या एका मुलाची आई मला पाहायला येणार आहे आणि मी वजन कमी करावं. मी रागाने सही केली. सही चांगली वळणदार आली.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता इन्क्युबेटर ओरडायला लागला. काटा शून्यावर होता. झडपेतून गॅस गळत गेला होता, बहुधा आदल्या दिवसापासून. मी दार उघडून तबकड्या उजेडात धरल्या. आमच्या पोषक द्रवाचा रंग निरोगी असताना मसुरीच्या डाळीसारखा असतो. गॅस कमी पडला की तो गुलाबी होत जातो, आणि जांभळट झाला की समजायचं, पेशींच्या आता जिवावर बेतलं. त्या वेळी तो लग्नातल्या सरबताच्या रंगाचा झाला होता. फार सुंदर रंग असतो तो.

डॉक्टर साहेब दिल्लीला बैठकीत होते, फोन बंद. सिलिंडर पुरवणाऱ्याला फोन केला तर त्याचा माणूस म्हणाला, गाडी सकाळीच निघाली आहे, पण गंगेवरच्या पुलावर तीन तासांपासून उभी आहे, पुढे दोन वराती समोरासमोर अडकल्यात आणि मागे कोणी हटत नाही. शेजारच्या विभागात दुसरा इन्क्युबेटर होता. त्याची किल्ली एका सद्गृहस्थाकडे आणि सद्गृहस्थ मेहुणीच्या लग्नाला गयेला. तिसरा होता तो जंतू वाढवायचा. त्यात आमच्या पेशी ठेवणं म्हणजे कोकराला लांडग्याच्या घरी मुक्कामाला पाठवणं.

आता बेबी दीविषयी सांगते. ती आमची थोरली तंत्रज्ञ. वय बावन्न. या संस्थेत माझ्या आधी वीस वर्षं आली. तिच्या हातून गेलेल्या पेशी मरत नाहीत असा तिचा लौकिक आहे, आणि तो तिने स्वतःच पसरवलेला आहे. तिने रंग पाहिला, काटा पाहिला, वहीतली माझी सही पाहिली आणि वही मिटून ठेवली. (रागावली असती तर बरं वाटलं असतं.) फक्त म्हणाली, मेणबत्ती आण. जुनी युक्ती आहे फूफाजी. काचेच्या मोठ्या भांड्यात तबकड्या ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बसवायचं. ज्योत आतला प्राणवायू खाते, धूर सोडते आणि विझते. मागे राहतो तो कार्बन डायऑक्साइड. हवा तितका नाही, पण तग धरण्याइतका. प्रश्न भांड्याचा होता. तसं घट्ट झाकणाचं एकच भांडं संस्थेत उरलं होतं आणि ते तिरपित बाबूंच्या टेबलावर होतं.

तिरपित बाबू आमचे हेडक्लार्क. पावसाळ्यात भुंजा सादळतो म्हणून त्यांनी ते भांडं चार वर्षांपूर्वी स्वतःच्या नावावर काढून घेतलं, आणि तेव्हापासून त्यात भाजलेले चुरा-चणे ठेवतात. मी जाऊन मागितलं. ते म्हणाले, भांडं भांडारातून त्यांच्या नावावर गेलेलं आहे, परत करायचं तर तीन प्रतींत अर्ज, वर मुख्यांची सही. मी म्हटलं मुख्य दिल्लीत आहेत. ते म्हणाले, मग परवा या. मी समजावलं, की एका बाईचा जीव त्या तबकड्यांत आहे. ते म्हणाले, मॅडम, या इमारतीत प्रत्येक कागदात कोणा ना कोणाचा जीव असतो, म्हणून तर नियम आहे. वाईट माणूस नाही तो. चोवीस वर्षं त्याला प्रत्येकाने जीवच सांगितला आहे.

माझ्या मागे जगेसरी कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. अकराच्या सुमारास दार उघडं टाकून मी धावले ते तिने पाहिलं होतं. ती पुढे झाली, भांड्याचं झाकण उचललं आणि सगळा भुंजा आपल्या पदरात ओतून घेतला. सावकाश, एक दाणा न सांडता. तिरपित बाबू खुर्चीवरून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

ती म्हणाली, "बाबू, भुंजा दुसरा भाजता येईल. मी भाजून देईन. गावात सगळे म्हणतात, सूनही दुसरी आणता येईल. मला हीच पाहिजे."

मग भांडं माझ्या हातात देऊन ती पदर धरून तिथेच जमिनीवर बसली, भुंज्याची राखण करत. तिरपित बाबू बसले. मी भांडं उचलून पळाले.

बाराला पाच कमी असताना तबकड्या आत गेल्या. झाकणाच्या कडेला बेबी दीने पर्समधलं व्हॅसलीन फासलं. ज्योत लांब झाली, निळी झाली, विझली. अर्ध्या तासाने रंग गुलाबीवरून परत मसुरीकडे वळू लागला. भांडं इन्क्युबेटरच्या फळीवर मावलं. मी स्टुलावर बसले आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एकाच पायात चप्पल घालून फिरते आहे.

एक वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.

आमचा जनरेटर वॉर्डाला आणि औषधांच्या फ्रीजला जोडलेला आहे, आणि तसाच असावा. आमच्या खोलीला काही नाही. बाहेर त्रेचाळीस अंश होते. तुम्हाला वाटेल, गरम कपाटाला विजेची काय गरज, उन्हातच ठेवा. पण पेशींना छत्तीसला नुसती पेंग येते, आणि चाळीसला त्या मरतात. पाटण्याच्या जेठात गरम ठेवणं कठीण नाही, गार ठेवणं कठीण आहे. बंद कपाट तापायला लागलं. दीड वाजता साडेअडतीस. बेबी दी खाली गेली आणि फाटकासमोरच्या मासळीवाल्याकडून थर्माकोलचं मोठं खोकं घेऊन आली. त्याला तिने काय सांगितलं माहीत नाही, पण त्याने ते रिकामं करून, धुऊन, वर बर्फाचा एक खडा देऊन पाठवलं. भांडं खोक्यात ठेवलं, आत थर्मामीटर लोंबता सोडला, खोक्याभोवती ओला गमछा. खोलीभर रोहूचा वास. (लग्नाची आठवण झाली असेल तर क्षमस्व.)

बर्फ घातला तर पारा झरझर चौतीसला आला. काढला तर दहा मिनिटांत एकोणचाळीस. मी घाबरून एकदा घालत होते आणि एकदा काढत होते, आणि दर वेळी चुकत होते. एका बाजूने तबकड्यांना हिवताप आणत होते, दुसऱ्या बाजूने विषमज्वर. अडीच वाजले असतील. जगेसरी दाराशी येऊन उभी राहिली. (भुंजा तिने वर्तमानपत्रात बांधून तिरपित बाबूंच्या स्वाधीन केला होता, आणि मोजून घ्या म्हणाली होती.) नियम मला ठाऊक होता. भांडं बंद होतं, वर टेप होता. मी खोकं उचलून उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं. सावलीत थोडा वारा होता.

ती काही विचारायच्या आधीच मी सांगितलं, की चूक माझी आहे, काटा मी पाहिला नव्हता. का सांगितलं कोण जाणे. तिने खोकं जवळ ओढलं. मग गमछ्यावर हात ठेवला, अगदी कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणाली की आता चढतोय. थर्मामीटरमध्ये सदतीसच होतं. दोन मिनिटांनी पारा सरकला. तिने गमछ्यावर पाणी शिंपडलं, हाताच्या पंख्याने वारा घातला, परत हात ठेवला. म्हणाली, उतरला, थांबा. पारा मागाहून उतरला. दोन वर्षं ती रमवतीचा ताप हातानेच मोजत होती. तिच्या तळव्याला अंशांची गरज नव्हती.

तेव्हापासून काम असं वाटलं गेलं: जगेसरी हात ठेवून सांगणार, बेबी दी पाणी शिंपडणार, मी दर पाच मिनिटांनी आकडा लिहिणार. (लिहिणार, सही करणार नाही.) तीन वाजता सदतीस पूर्णांक चार. सव्वातीनला सदतीस. साडेतीनला वारा पडला आणि चढत चढत साडेअडतीस झालं. जगेसरीचा हात पंख्यावर इतका वेगाने हलत होता की बांगड्यांचा आवाज तुटत नव्हता. चार वाजता तिरपित बाबू आले. हातात भांड्याची पावती होती, तीन प्रतींत, कार्बन लावून. मी सही केली. ते गेले नाहीत. शर्टाची बाही सरकवून फायलीचा पुठ्ठा घेतला आणि दुसऱ्या बाजूने वारा घालायला लागले. वारा घालता घालता म्हणाले, की त्यांचा एक भाऊ होता. आणि पुठ्ठा आणखी जोरात हलवू लागले.

सहाला दहा कमी असताना सिलिंडर आला. वीस मिनिटांनी वीज. तबकड्या आपल्या जागी गेल्यावर जगेसरीने हात पदराला पुसला, रोजचाच प्रश्न विचारला, जेवल्या का, आणि मी पहिल्यांदाच म्हटलं, उद्या सांगते.

बुधवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवंत पेशी तळाला चिकटून बसतात, मेलेल्या तरंगतात. पाचांतली एक तरंगत होती. चार बसल्या होत्या. बेबी दीने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "माशाचा वास लागला म्हणून एवढ्या मेल्या. ब्राह्मणाच्या होत्या." मी तिला म्हटलं की आम्ही मैथिल ब्राह्मण मासे खातो. ती म्हणाली, मग दुसरं कारण असेल.

गुरुवारी मोजणी. तबकड्यांवरची नावं झाकून बेबी दीने नुसते आकडे टाकले, म्हणजे मोजणाऱ्याला कळू नये कुठली कोणाची. आधी मी मोजलं, मग तिने, एकमेकींना न सांगता. दर तबकडीत शंभर पेशी, दोनदा. मान आखडली, डोळ्यांसमोर जांभळे ठिपके. संध्याकाळी चार वाजता नावं उघडली. बिनऔषधाच्या माझ्या पेशींत शंभरातल्या सत्तर जणींच्या पोटात परजीवी होते, रमवतीच्या अठ्ठ्याहत्तर. औषधासकट माझ्या पेशींत उरले सहा. रमवतीच्या पेशींत, त्याच औषधासकट, एकसष्ट. बेबी दीचे आकडे माझ्यापासून दोन-तीनांनीच इकडेतिकडे होते. परजीवी तोच, औषध तेच. औषध अर्धं काम करतं, उरलेलं पेशीने करायचं असतं. तिच्या पेशी करत नव्हत्या. ती दोनदा बरी झालीच नव्हती, नुसती दबली होती.

डॉक्टर साहेब शुक्रवारी परतले. मी सगळं सांगितलं, आधी सही आणि मग आकडे, याच क्रमाने. त्यांनी काट्याची वही मागवली आणि सोमवारचं पान उघडलं. मला वाटलं नोकरी गेली. मग म्हणाले, "उद्यापासून वहीत सही नको. काट्याचा आकडा लिहा." एवढंच. नंतर त्यांनी सांगितलं की मासळीच्या खोक्यातला एक दिवस घेऊन कोणी छापील निष्कर्ष काढत नाही, हे सगळं पुन्हा करावं लागेल. पण पापणी कागदासारखी असलेल्या बाईला पुन्हा करेपर्यंत थांबवताही येत नाही. तिच्या बाकीच्या तपासण्याही तेच सुचवत होत्या. शनिवारपासून दोन औषधं मिळून सुरू केली.

पहिले चार दिवस ताप एकशेतीन. पाचव्या दिवशी तिला ओकाऱ्या झाल्या आणि डॉक्टर साहेबांनी तिच्या खाटेशेजारी खुर्ची मागवून घेतली. त्या दिवशी जगेसरी माझ्या दाराशी आली नाही, खाटेशीच बसून सुनेच्या कपाळावर हात ठेवत राहिली. नवव्या दिवशी ताप उतरला आणि उतरलेलाच राहिला. आज सतरावा दिवस. पानथरी आठ बोटांवरून पाचांवर आली आहे. रमवती मडुआची (नाचणीची) भाकर मागते आहे, आणि वॉर्डात मिळते ती भातासारखी मऊ खिचडी तिने काल सासूच्या अंगावर ढकलली. जगेसरी सगळ्या वॉर्डाला सांगत फिरते आहे, की बघा, सून शिव्या द्यायला लागली. सहा महिने नजर ठेवावी लागेल, तोवर बरी झाली म्हणायचं नाही. पण तिरपित बाबूंनी भुंज्याची पुडी खाटेवर ठेवलेली मी पाहिली.

आता प्रयोग नीट, वीज असताना, पुन्हा करायचा आहे. डॉक्टर साहेब म्हणतात की माझ्या पेशींशी तुलना पुरेशी नाही, मी शहरात वाढलेली. त्यांना असा माणूस हवा, जो कालाजारच्या घरात, त्याच मातीच्या भिंतींत, त्याच वाळूमाश्यांत राहिला आणि ज्याला आजार शिवला नाही. त्याचा हवालदार जागा कसा राहतो ते बघायचंय. मला विचारलं, तुमच्या ओळखीत असं कोणी आहे का. मी म्हटलं, नाही.

फुआला प्रणाम, म्हशीला कुरवाळणं. उष्म्यात दुपारी बाहेर पडू नये.

तुमची आज्ञाधारक,
पुतुल

ता. क. लिची पाठवू नका, इथे बाजारात मिळते. (पाठवलीत तर पानांसकट, सावलीत बांधून. बाजारातली आंबट आहे.)

ता. क. दुसरा. डॉक्टर साहेबांना मी खोटं सांगितलं. ब्याण्णव साली तुमच्या घरात कालाजार शिरला तेव्हा मी बारा वर्षांची होते. फुआ त्यात दोन महिने अंथरुणावर होती, तुमचा मुलगा गुड्डू भैया होता, आणि तुमची लेक रुन्नी गेली. तुम्ही त्याच खोलीत, तिच्याच खाटेला खाट लावून झोपत होतात, आणि तुम्हाला एक दिवस कणकणही आली नाही. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत, पण फुआने मला सांगितलं आहे, की अजूनही कधीतरी पहाटे उठून बसता आणि विचारता, मला का नाही. फूफाजी, मला उत्तर माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण ते असलंच कुठे, तर तुमच्या रक्तात आहे, आणि मला ते बघायचं आहे. चहाच्या लहान कपाइतकं रक्त. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, सोबतच्या कागदावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे, आणि नाही म्हणालात तर मी कधी, कोणाकडेही हा विषय काढणार नाही.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. जी बाई ते घेऊन तुमच्या ओसरीवर बसली आहे, तीच बेबी दी. तिच्या पिशवीत सुई आहे. ती डावखुरी आहे, म्हणून पट्टा उलट्या बाजूने बांधेल, घाबरू नका. दुखत नाही असं ती म्हणेल, थोडं दुखतं. त्या वेळी सुईकडे पाहू नका, झाडांकडे पाहा. मी माझं रक्त देताना दर वेळी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेते आणि आकडे मोजते. हे इथे कोणाला माहीत नाही, बेबी दी सोडून, आणि तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही.